यहूदानेही पैसे परत केले होते

वाचकाचं पत्र:

“आदरणीय मावशींना ख्रिस्ती सलाम. मी ३६ वर्षांचा आहे. तालुक्याच्या गावी दूध संकलन केंद्रावर हिशेब लिहितो. पत्नी अंगणवाडीत आहे, मुलगी पाचवीत. आमच्या मंडळीच्या तरुण संघाचा मी चार वर्षं खजिनदार आहे. दोन वर्षांपूर्वी आयपीएलच्या वेळी मोबाइलवर टीम लावायला लागलो. मग रमी आणि आता एका ग्रुपवरून मिळालेल्या लिंकवर सट्टा. पहिल्यांदा साडेचार हजार जिंकलो, तेव्हा त्याचा दशमांश चर्चमध्ये दिला. नंतर हरतच गेलो. प्रत्येक डावाआधी प्रार्थना करायचो की प्रभू, एवढा लागू दे, अर्धे तुझ्या कामाला देईन. कापणीच्या सणाला लिलावातून जमलेले पैसे चर्चच्या पत्र्यांसाठी माझ्याकडे होते. त्यातले ४१,००० गेले. १६,००० मी गुपचूप परत भरलेत. उरलेले नाताळपर्यंत भरीन, कुणाला कळणारही नाही. पण खेळ सुटत नाही. रात्री ११ वाजता सगळे झोपले की गुडघ्यावर येऊन ‘प्रभू, मला परीक्षेत आणू नकोस’ म्हणतो आणि उठल्यावर त्याच हातानं फोन घेतो. तीनदा उपास केले. बाहेरून आलेले एक प्रचारक म्हणाले, तुझ्यात पैशाचा दुरात्मा शिरलाय, सुटकेच्या सभेला ये. खरंच तसं असेल का? सहा महिने प्रभुभोजन घेतलेलं नाही, काहीतरी निमित्त सांगतो. मी मला यहूदाच वाटतो. कधी कधी वाटतं, मी नसतो तर घराचं बरं झालं असतं. मला फक्त एवढंच सांगा, सगळे पैसे परत भरले तर देव क्षमा करील ना? पत्नीला सांगायलाच हवं का?”

उत्तर:

तुलाही सलाम. तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा, म्हणून ‘तू’ म्हणते. राग मानू नकोस.

पत्राच्या शेवटाकडे तू एक वाक्य घाईघाईनं लिहून पुढे गेलास, पण मी तिथेच थांबले. ‘मी नसतो तर घराचं बरं झालं असतं.’ बाकी सगळं बाजूला ठेवून आधी याचं बोलते. हा विचार पुन्हा आला तर त्याच्याबरोबर एकट्यानं बसायचं नाही. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी बायकोला उठव. तेही जमलं नाही तर १४४१६ लाव. ती टेली मानस नावाची सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलतात. तुझ्या मुलीला बाप हवा आहे, कर्जात असलेला, मान खाली घातलेला, कसाही. पंचवीस हजारांच्या खड्ड्यापायी माणूस गेला म्हणून कुठल्याच घराचं बरं झालेलं मी सत्तर वर्षांत पाहिलेलं नाही.

आता तुझा प्रश्न. पैसे गुपचूप परत भरले तर चालेल का, असं तू विचारतोस. तू स्वतःला यहूदा म्हणवतोस, म्हणून त्याच्याच गोष्टीतून उत्तर देते. येशूला पैशांसाठी धरून देणारा शिष्य तो यहूदा. शिष्यांची पैशांची थैली त्याच्याकडे असायची आणि तिच्यात पडलेलं तो काढून घ्यायचा, असं योहानानं बाराव्या अध्यायात लिहिलं आहे. तुझी नजर तिथेच अडकली असणार. पण मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय उघड. येशूला शिक्षा ठरलेली पाहून यहूदा पस्तावला, असं तिथे स्पष्ट शब्दांत आहे. घात करण्यासाठी मिळालेली रुप्याची तीस नाणी घेऊन तो मंदिरात गेला, ‘मी निर्दोष माणसाचा घात केला, पाप केलं,’ असं तोंडानं म्हणाला आणि पैसे टाकून आला. म्हणजे पश्चात्ताप, कबुली आणि परतफेड, तिन्ही झालं. एक पैसाही त्यानं मागे ठेवला नाही.

तरी तो वाचला नाही. का नाही, याचा विचार माझ्या नवऱ्यानं आणि मी पुष्कळ वर्षं केला. ते पाळक होते. शुभ शुक्रवारच्या संदेशाची तयारी करताना दरवर्षी या ओळींपाशी ते अडायचे. यहूदा ज्यांच्याकडे गेला ते प्रमुख याजक होते. त्यांना या व्यवहाराशी मतलब होता, यहूदाशी नव्हता. ते म्हणाले, ‘त्याचं आम्हाला काय? तुझं तू पाहा.’ आणि तिथून तो एकटा निघाला. त्याच रात्री येशूचा दुसरा शिष्य पेत्रही पडला होता. कोळशाच्या विस्तवाशी हात शेकत त्यानं तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं, शपथा घेतल्या. पेत्रानं काय परत केलं? त्याच्याकडे परत करण्याजोगं काही नव्हतंच. पण तो बाहेर जाऊन रडला आणि नंतर त्याच दहा जणांत येऊन बसला, ज्यांच्यापुढे आदल्या संध्याकाळी छाती ठोकून ‘मी कधीच अडखळणार नाही’ म्हणाला होता. किती अवघड गेलं असेल ते! पुढे समुद्रावर मासे धरायला गेला तेव्हाही होडीत सातजण होते. किनाऱ्यावर येशूनं पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवून ठेवला होता, भाकरी आणि मासळी. आधी सगळ्यांना न्याहारी घातली. मग बाकीच्यांच्या देखत तीन प्रश्न विचारून पेत्राला उभं केलं.

माझं म्हणणं एवढंच, की पैशाच्या हिशेबात यहूदा पेत्राच्या पुढे होता. तो माणसांत परतला नाही. आणि तू नेमकं तेच करायला निघाला आहेस. पैसे भरायचे, माणसांत परतायचं नाही. नाताळपर्यंत डबा भरेल आणि तू मात्र बाहेरच राहशील. मग पुढच्या कापणीला तो डबा पुन्हा तुझ्याच हातात येईल.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझा थोरला भाऊ प्यायचा. पगार झाला की तीन दिवस घरी यायचा नाही. आमची आई फार प्रार्थनेची बाई. पहाटे चारला उठून त्याच्यासाठी रडायची आणि दिवसा गुपचूप त्याची उधारी भागवायची. दुकानदाराला सांगायची, ‘कुणाला कळू देऊ नका, आम्ही ख्रिस्ती माणसं.’ अकरा वर्षं हे चाललं. आईच्या प्रार्थना खऱ्या होत्या, याबद्दल मला आजही शंका नाही. पण एका हातानं ती देवाकडे सुटका मागत होती आणि दुसऱ्या हातानं दार आतून लावून घेत होती. शेवटी भाऊ एका चर्चच्या मागच्या खोलीत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीला गेला. आठ-नऊ माणसं, एक टेबल, चहा. ही संघटना १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाच्या गावी दोन दारूग्रस्तांच्या भेटीतून सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांतली पाचवी अशी आहे, की आपल्या चुका नेमक्या काय होत्या हे देवापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे कबूल करायचं. भाऊ मला म्हणाला होता, ‘देवापुढे कबूल करायला मला कधीच जड गेलं नाही गं, मी रोज रात्री करायचो. त्या टकल्या मास्तरापुढे बोलताना मात्र घाम फुटला.’ त्या दिवसानंतर दोनदा तो पुन्हा प्याला, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी त्या खोलीत जाऊन बसला. मग सुटली ती सुटलीच. मरेपर्यंत तेवीस वर्षं त्यानं थेंब घेतला नाही.

याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात हेच आहे, की आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे बरे व्हाल. आपण प्रॉटेस्टंट मंडळी ‘मला याजकाची गरज नाही, मी थेट देवाकडे जातो’ असं अभिमानानं सांगतो. ते खरंच आहे. पण त्या सत्याआड आपण लपायलाही शिकलो. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जागृती आली तेव्हा मुली आणि बाया रडून आपली पापं मोठ्यानं कबूल करत होत्या, हे आपल्याच मातीत घडलेलं आहे. सगळं सगळ्यांपुढे बोलावं असं मी म्हणत नाही. मंडळीतही जिभा असतात. पण एकाही माणसापुढे न बोललेलं पाप फार लवकर फोफावतं.

इथे एका कॅथलिक संताचं सांगते. इग्नेशियस लोयोला हा आधी सैनिक होता. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय मोडला आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्याचं आयुष्य फिरलं. त्यानं मोहाच्या चाली लढाई पाहिलेल्या माणसाच्या नजरेनं लिहून ठेवल्या आहेत. तो म्हणतो, सैतान हा परक्याच्या मुलीला फूस लावणाऱ्या माणसासारखा वागतो. ‘आपलं कुणाला सांगू नकोस’ हेच त्याचं पहिलं आणि शेवटचं मागणं. मुलीनं बापाला सांगितलं की त्याचा डाव मोडला. आणि दुसरी उपमा देतो ती आपल्या गडकिल्ल्यांच्या मुलखात सहज कळेल. शत्रू किल्ल्याभोवती फिरून जिथे तट सर्वांत कच्चा आहे तिथूनच चढतो. तुझा कच्चा तट कुठला ते तूच लिहिलं आहेस. रात्री ११ आणि ‘कुणाला कळणारही नाही’.

आता दुरात्म्याबद्दल. सैतान नाही, असं मी म्हणणार नाही. मी पवित्र शास्त्र मानते आणि वाईट ही नुसती कल्पना नाही हे मी पाहिलं आहे. पण याकोब म्हणतो की प्रत्येक जण स्वतःच्या वासनेनं ओढला जातो आणि भुलतो. येशूनं भूतग्रस्तांना सोडवलं तसं पैशाच्या मागे लागलेल्या जकातदार जक्कयातून काही हाकलून लावलं नाही. त्याच्या घरी जेवायला गेला. पेत्राला तर तोंडावर ‘सैताना, माझ्या मागे हो’ म्हणाला, तरी त्याच्या अंगातून काही काढत बसला नाही आणि त्याला सोडूनही दिलं नाही. जे बंधू तुला सभेला बोलावतात त्यांच्या हेतूबद्दल मी बोलत नाही. मला भीती वेगळीच वाटते. तीन दिवसांनी तुला सांगितलं जाईल की दुरात्मा गेला. चौथ्या रात्री हात फोनकडे गेला की तू म्हणशील, ‘तो पुन्हा आला, मी काय करणार?’ जबाबदारी तुझ्या हातातून निघून जाईल आणि तिच्याबरोबर आशाही जाईल. प्रार्थनेला जरूर जा. पण बायकोला आणि पाळकसाहेबांना सांगितल्यानंतर जा, आधी नको. आणि सुटकेसाठी कुणी पैसे मागितले तर तिथून चालता हो.

येशूच्या रानातल्या परीक्षेचा, मत्तयाचा चौथा अध्याय तू शब्बाथ शाळेत पाठ केला असशील. तो पुन्हा वाच, या वेळी स्वतःचं पत्र शेजारी ठेवून. पहिली परीक्षा भाकरीची. चाळीस दिवसांच्या उपाशी माणसाला भाकरी हवी, यात काय पाप आहे? मोह सुरू होतो तो अशाच रास्त गरजेपासून. घराचा हप्ता, मुलीचा क्लास. दुसऱ्या परीक्षेत सैतान काय करतो? शास्त्रवचन म्हणतो! मंदिराच्या शिखरावर उभं करून स्तोत्र ९१ ऐकवतो की उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशूचं उत्तर असं की देवाची परीक्षा पाहायची नसते.

आता सांग, डावाआधी ‘प्रभू, एवढा लागू दे, अर्धे तुझ्या कामाला’ म्हणणं ही त्या शिखरावरची उडी नाही का? तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त हेच लागलं, चोरीपेक्षाही जास्त. पहिल्या जिंकण्याचा दशमांश दिलास तेव्हा तुझ्या मनानं या खेळाला आशीर्वादाचा शिक्का मारून घेतला. तेव्हापासून तू खेळत होतास आणि देवाला भागीदार धरत होतास. जुगार आणि प्रार्थना एकाच जागी, एकाच वेळी, एकाच हातानं होऊ लागल्या. म्हणून आता गुडघ्यावर आलास तरी शरीराला पुढची पायरी पाठ आहे, आमेन म्हटलं की फोन. यासाठी एक साधी गोष्ट कर. काही महिने रात्री एकट्यानं प्रार्थना करूच नकोस. तुला हे विचित्र वाटेल आणि कुणी पाळक मला रागावतीलही. पण संध्याकाळी जेवणाआधी बायको-मुलीला घेऊन बस, ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत म्हणा, शास्त्राचा एक उतारा मुलीला वाचू दे आणि प्रभूची प्रार्थना तिघं मिळून म्हणा. तू पत्रात लिहिलंस, ‘मला परीक्षेत आणू नकोस.’ ती प्रार्थना येशूनं तशी शिकवलेली नाही. ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ अशी शिकवली. सबंध प्रार्थनेत ‘मी’ कुठेच नाही.

रात्री ११ बद्दल. योसेफाला त्याच्या मालकाची, पोटीफराची, बायको मोहात पाडत होती. त्यानं तिच्याशी वाद घातला तो आधी, दिवसचे दिवस. शेवटच्या दिवशी तिनं वस्त्र धरलं तेव्हा त्यानं वस्त्र तिच्या हातात सोडलं आणि पळाला. नाव गेलं, नोकरी गेली, तुरुंगात पडला, पण पळाला. हातात फोन घेऊन मनाशी झुंजणं हा विश्वास नव्हे. तू तीनदा उपास केलेस आणि तिन्ही वेळा फोन उशाशी होता. वस्त्र सोडायचं म्हणजे तुझ्या बाबतीत स्मार्टफोन सोडायचा. बटणांचा साधा फोन घे. केंद्राच्या कामाला ऑनलाइन लागतंच असेल तर तो फोन केंद्रातच कुलपात राहू दे. तुझ्या खात्याचं यूपीआय बँकेत जाऊन बंद करून घे. पगार बायकोच्या खात्यात वळव आणि रोजच्या खर्चाला रोख माग. ३६ वर्षांच्या बाप्याला बायकोकडे शंभर रुपये मागायला लाज वाटेल. वाटू दे. लिंकच्या ग्रुपमधून नुसता बाहेर पडू नकोस, नंबरच बदल. आणि परतफेडीसाठी झटपट कर्जाचं कुठलंही अ‍ॅप उघडू नकोस. ती आगीतून फुफाट्यात पडायची वाट आहे.

तू कमकुवत आहेस म्हणून हे चाललंय असंही समजू नकोस. हे खेळ बनवणाऱ्यांना माणसाचं मन चांगलं ठाऊक असतं. बक्षीस कधी येईल ते कळत नाही, म्हणूनच हात थांबत नाही. थोडक्यात हुकलेला डाव तर पुढच्या डावाकडे जास्तच ओढतो. जुगाराच्या व्यसनाची नोंद जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीत केलेली आहे. आजाराला वैद्य लागतो. ज्या लूकानं येशूचं चरित्र लिहिलं तो स्वतः वैद्य होता, त्यामुळे डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतील. व्यसनमुक्तीचं काम करणारं पुण्याचं मुक्तांगणही १९८६ पासून उभं आहे. आणखी एक. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यामुळे तू आता ज्या लिंकवर खेळतोस ती कायद्याबाहेरची आहे. उद्या जिंकलास आणि पैसे मिळाले नाहीत तर दाद मागायला दारही नाही.

फोन गेल्यावर रात्र रिकामी होईल. ते पहिले पंधरा दिवस फार वाईट जातात, भावाचे मी पाहिलेत. चिडचिड, झोप नाही, हाताला चाळा नाही. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशूनं झाडून-पुसून ठेवलेल्या रिकाम्या घराचं सांगितलं आहे. गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो आणि घर रिकामं पाहून आणखी सात जणांना घेऊन येतो. नुसतं काढून टाकून भागत नाही. तुझं केंद्र पहाटे उघडत असेल, तेव्हा दहाला झोपायची सवय लाव. दुपारी मुलीचा अभ्यास घे. चर्चच्या पत्र्याचं काम निघेल तेव्हा मजुरासारखा वर चढून काम कर, हे मी अगदी मनापासून सांगते. ज्या छपराचे पैसे खाल्ले त्याचे खिळे स्वतःच्या हातानं ठोकायला मिळाले तर ती कृपा समज.

बायकोला सांगायला हवंच. उद्या सकाळी, मुलगी शाळेत गेल्यावर. रात्री नको, भांडणाच्या भरात नको आणि फोनवर मेसेज करून तर नकोच. पूर्ण आकडा सांग. ४१ आणि १६ म्हण, ‘थोडे पैसे’ म्हणू नकोस. माणूस पहिल्या कबुलीत अर्धंच सांगतो आणि उरलेलं अर्धं दोन महिन्यांनी फुटतं, मग तिचा विश्वास दुसऱ्यांदा मोडतो. तो सांधणं पहिल्यापेक्षा जड जातं. ती रडेल, कदाचित माहेरी जाईल, कदाचित काहीच बोलणार नाही. ती लगेच क्षमा करील असं वचन मी देऊ शकत नाही. क्षमा तिची आहे, ती तिच्या वेळेनं होईल. तू ती मागायची नाहीस, फक्त सांगायचं.

मग दोघं मिळून पाळकसाहेबांकडे जा. सोबत लेखी हिशेब ने आणि खजिनदारपदाचा राजीनामा ने. पंच कमिटी काय ठरवील ते ठरवू दे. उरलेल्या पंचवीस हजारांचे हप्ते तुझ्या पगाराला झेपतील असेच लिहून दे, जोशात चौपट कबूल करू नकोस. चौपट परत देईन म्हणणारा जक्कय श्रीमंत होता, तू नाहीस. पण त्याच्याकडून एक घेण्यासारखं आहे. तो उभा राहून, प्रभूपुढे, स्वतःच्या तोंडानं बोलला. गावात चर्चा होईल. लिलावात जिनं स्वतःची कोंबडी आणून दिली ती म्हातारी कदाचित तुझ्याकडे बघणार नाही. हे सगळं होऊ शकतं आणि मी ते कमी करून सांगत नाही. तरी सहा महिने काहीतरी निमित्तं काढत भिंतीला चिकटून बसण्यापेक्षा ते हलकं आहे.

प्रभुभोजनाचं विचारलं नाहीस, पण लिहिलंस, म्हणजे सलतंय. पौलानं करिंथकरांना लिहिलं की माणसानं आधी स्वतःला पारखावं आणि मग त्या भाकरीतून खावं. पारखून दूर राहावं असं लिहिलेलं नाही. मात्र वेदीवर अर्पण ठेवताना भावाचं आपल्याशी काही वैमनस्य आहे असं आठवलं तर आधी त्याच्याशी समेट कर आणि मग ये, असं येशू म्हणतो. तेव्हा बायको आणि पाळकसाहेब, एवढी दोन दारं झाली की येणाऱ्या प्रभुभोजनाला समोर जाऊन हात पुढे कर. पैसे फिटेपर्यंत थांबू नकोस. तो मेज फेडून झालेल्यांसाठी मांडलेला नाही. पेत्रही त्या मेजाशी होता आणि यहूदाही होता.

आणि पुन्हा एकदा पडलास तर? पडू शकतोस. चाळीस दिवसांनंतरही सैतान येशूला ‘संधी मिळेपर्यंत’ सोडून गेला, असं लूक लिहितो, कायमचा नाही. पडलास तर त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत, बायकोला आकडा सांगायचा. दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. माझ्या भावाची आणि त्या टकल्या मास्तरांची हीच बोली होती.

हे पत्र छापून येतंय, म्हणून दोन शब्द वाचणाऱ्या पंच कमिट्यांनाही सांगते. लिलावाचा पैसा एका तरुणाच्या फोनवर, एका माणसाच्या भरवशावर आपण का ठेवतो? दर रविवारी ‘परीक्षेत आणू नकोस’ म्हणायचं आणि आपल्याच लेकराला आपल्याच हातानं परीक्षेत घालायचं. दोन सह्यांचं खातं काढा, दर महिन्याला हिशेब फळ्यावर लावा. आणि एखादा असा हिशेब घेऊन दारात उभा राहिला, तर त्या याजकांचं वाक्य आपल्या तोंडून निघणार नाही याची काळजी घ्या. त्याला आधी आत घेऊन बसायला खुर्ची द्या. कागद मग बघा.

आमच्या इथे गुरुवारी दुपारी बायांची उपास-प्रार्थना असते. आम्ही अकरा जणी असतो. या गुरुवारी मी तुझ्या घरासाठी मागणार आहे, काय झालं ते कुणाला न सांगता. तू आपल्या पत्रात बायकोचं नाव लिहिलं नाहीस. तिला सगळं सांगून झालं की तिला विचारून मला कळव, म्हणजे प्रार्थनेत तिचंही नाव घेता येईल.